डिकी उघडेना: बिल भरायचे की भांडायचे?

प्रश्न: मी साताऱ्यात राहते. चौदा महिन्यांपूर्वी ९ लाख ४० हजारांना हॅचबॅक घेतली, वॉरंटी तीन वर्षांची. पावसाळ्यात मागची डिकी उघडेनाशी झाली. आईला दवाखान्यात नेले तेव्हा तिची व्हीलचेअर आतच अडकली. सर्व्हिस सेंटरने दोनदा फुकट दुरुस्त केली, दोन्ही वेळा आठवड्यात पुन्हा तेच. आता म्हणतात, गाडी घेतल्यावर तुम्ही बाहेरून रिव्हर्स कॅमेरा बसवला, म्हणून वॉरंटी गेली, वायरिंगचे १८,५०० रुपये पडतील. एस्टिमेट घेऊन गाडी घरी आणली आहे. पैसे भरू का? नवीन गाडी मागू का?

उत्तर: ताई, दवाखान्याच्या दारात आई गाडीत आणि तिची खुर्ची कुलपाआड, हे वाचून फार वाईट वाटले. म्हणून आधी तेवढे सोडवू. बऱ्याच हॅचबॅकमध्ये मागचे सीट पाडून आत शिरले की डिकीच्या आतल्या पॅनलवर छोटे झाकण दिसते. ते काढून लॉक हाताने सोडवता येते. तुमच्या गाडीत अशी सोय आहे का, ते पुस्तिकेत पाहा. बाहेरून काही घालून उचकटू नका. पत्र्याला ओरखडा पडला तर ‘तुम्हीच मोडले’ म्हणायला त्यांना आयते निमित्त मिळेल.

एस्टिमेटवर सही करू नका. ‘वायरिंग खराब’ म्हणजे नेमके काय, हे लेखी मागा. छतातून डिकीत जाणाऱ्या वायरी बिजागरीजवळच्या रबरी नळीतून जातात. डिकी उघडमिट करताना त्या तिथेच वाकतात आणि कधी तिथेच तुटतात. नंबरप्लेटचा दिवा किंवा मागचा वायपरही बंद असेल तर संशय तिथेच घ्यावा. नुसत्या बटणात पाणी गेले असेल किंवा लॉकची मोटर अडकत असेल, तर त्याचा कॅमेऱ्याशी संबंध जोडणे कठीण. मात्र कॅमेऱ्याची वायर त्याच नळीतून ओढली असेल आणि मूळ वायरी तिथे सोललेल्या निघाल्या, तर त्यांचे म्हणणे खरे ठरू शकते. हे आत्ताच सांगतो, कारण पुढे ग्राहक आयोगासमोर ते कळलेले महागात पडते.

तुमची सर्वांत भक्कम बाजू दोन्ही फुकट दुरुस्त्यांच्या जॉबकार्डांत, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीच्या कागदांत आहे. कॅमेरा तेव्हाही गाडीतच होता. तरी त्यांनी हरकत न घेता वॉरंटीत काम केले. वॉरंटीतला अपवाद पुढे करणाऱ्याने बिघाड त्याच कारणाने झाला हे दाखवायला हवे. पुस्तिकेतली अट मात्र नीट वाचा. फक्त ‘बाहेरच्या जोडणीमुळे झालेला बिघाड’ वगळला असेल, तर बिघाड कॅमेऱ्यामुळे झाला हे दाखवले जाईपर्यंत तुम्ही सुरक्षित आहात. जोडणी केली की विद्युत भागांची वॉरंटीच रद्द, असे लिहिले असेल तर वाट अवघड आहे.

दुरुस्ती झाली की पुरावाही गेला. म्हणून आधी डिकी, दिवा, वायपर आणि ती नळी यांचा व्हिडिओ घ्या. काढलेले जुने भाग परत हवेत, हे जॉबकार्डावर लिहून घ्या. ‘काम समाधानकारक’ या रकान्यात डोळे मिटून सही नको.

पैसे भरायचे का, याचे उत्तर काम झाले आहे का यावर आहे. आत्ता काम झालेले नाही, म्हणून भरू नका. पुढे तुमच्या संमतीने काम झाले, तर करार कायद्याच्या कलम १७० नुसार मजुरी मिळेपर्यंत ते गाडी ठेवून घेऊ शकतात. तिथे भांडून गाडी सुटत नाही. बिलावर ‘हरकत नोंदवून रक्कम भरली’ असे लिहून पैसे द्या, गाडी सोडवा आणि नंतर परतावा मागा.

नवीन गाडी मात्र मागू नका. मारुती उद्योग विरुद्ध सुशीलकुमार गबगोत्रा या २००६ च्या निकालात क्लचच्या तक्रारीवरून सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले: वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असेल, तर त्यासाठी अख्खी गाडी बदलून मिळत नाही. तुम्ही विनामूल्य कायमची दुरुस्ती, भरलेले पैसे आणि त्रासाची भरपाई मागा. आईच्या त्या दिवसाचे दवाखान्याचे कागद जपून ठेवा, भरपाई मागताना ते लागतील.

विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. कधीकधी एवढ्यानेच काम होते. नाही झाले तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३५ खाली साताऱ्याच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जा. तुम्ही राहता तिथे तक्रार करण्याचा हक्क या कायद्याने दिला आहे. गाडीची किंमत पाच ते दहा लाखांत असल्याने शुल्क २०० रुपये. बिघाड तपासल्याशिवाय ठरत नसेल तर कलम ३८ नुसार आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो. तशी विनंती तक्रारीतच करा, आणि तोवर ती नळी बाहेरच्या कुणाला उघडू देऊ नका.

आयोगात जाण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. ती पहिल्या जॉबकार्डाच्या तारखेपासून मोजा.