एक डबा, चार जबाब

प्रश्न : मी पिंपरी-चिंचवडमध्ये नोकरी करतो. 2019 पासून लेगोचे (प्लास्टिकच्या विटा जोडून वस्तू बनवायच्या खेळण्यांचे) सीलबंद सेट घेऊन ठेवतो. कंपनीने एखादा सेट बंद केला की त्याचा भाव चढतो, मग विकतो. घरात सध्या 46 डबे आहेत. 2024-25 या आर्थिक वर्षात 14 सेट 5,20,000 रुपयांना विकले, त्यांची खरेदी 3,10,000 ची होती. पाच सेट परराज्यात गेले. 21 जून 2025 ला दुबईहून येताना ग्रीन चॅनेलमधून (‘घोषित करण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांच्या वाटेने) बाहेर पडत होतो, तेव्हा कस्टम्सने नऊ डबे जप्त केले. किंमत साधारण 1,70,000, त्यातले तीन डबे एकाच सेटचे. मी ‘भाचरांना भेट’ असं लिहून दिलं. 12 डिसेंबरला कारणे दाखवा नोटीस आली आहे. शिवाय बंगळुरूच्या एकाकडून 38,000 ला घेतलेल्या डब्याचं वजन कमी वाटलं म्हणून उघडला, तर आत नकली विटा. ग्राहक मंचात जाऊ का? ही गुंतवणूक असल्याने आणि घरातल्या वस्तू विकल्यावर कर नसतो असं ग्रुपवर सांगतात म्हणून विवरणपत्रात नफा दाखवलेला नाही. परवान्याशिवाय विकतो म्हणून कंपनी खटला भरेल का, ही भीती वेगळीच. बायको म्हणते, आधी दिवाणखान्यातला लेगोचा ताजमहाल विकून टाक.

उत्तर : तुमचं पत्र आणि सोबतचे स्क्रीनशॉट मी दोनदा वाचले, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कस्टम्सपुढे तुम्ही मामा आहात. प्राप्तिकर खात्यापुढे गुंतवणूकदार. ग्राहक आयोगात (‘मंच’ हे नाव 2019 च्या कायद्याबरोबर गेलं) तुम्हाला ग्राहक म्हणून उभं राहायचं आहे. आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर 15 जूनला तुम्ही लिहिलंय, ‘दुबई लॉट येतोय, बुकिंग चालू.’ डबे तेच, माणूस एकच, जबाब चार.

कायद्याला डब्यात काय आहे यापेक्षा तो डबा तुम्ही कशासाठी बाळगलाय यात जास्त रस असतो. चार खिडक्यांवर चार उत्तरं दिली की प्रत्येक खिडकीवरचा माणूस बाकीची तीन वाचून दाखवतो. तेव्हा आधी खरं उत्तर ठरवू. तुम्ही व्यापारी आहात. संध्याकाळी नोकरीवरून आल्यावरचे, हौशी, छोटे, पण व्यापारी. एकाच सेटचे तीन-तीन नग, कोणता सेट कधी ‘रिटायर’ होणार याची एक्सेल शीट, आगाऊ बुकिंग आणि वर्षात 14 विक्र्या. याला छंद म्हणायला मीही धजावणार नाही, आणि मी तुमच्या बाजूचा वकील आहे.

आता कस्टम्स, कारण तिथे घड्याळ चालू आहे. पहिल्यांदा मी तारखा पाहिल्या. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस निघाली नाही आणि मुदतही वाढवलेली नसली, तर सीमाशुल्क कायदा 1962 च्या कलम 110(2) प्रमाणे माल परत द्यावा लागतो. तुमची नोटीस नऊ दिवस आधी आली. तो मुद्दा संपला. उत्तराला 30 दिवस दिलेत, त्यातले बरेच गेले आहेत. आजच लेखी मुदतवाढ मागा आणि प्रत्यक्ष सुनावणी हवी असंही त्याच पत्रात लिहा.

उत्तरात ‘भाचरांना भेट’ पुन्हा लिहू नका. प्रवाशाच्या सामानाला मिळणारी सवलत कलम 79 खाली आहे आणि ती खऱ्याखुऱ्या वैयक्तिक वापराच्या किंवा भेटीच्या वस्तूंसाठी आहे. तुमच्या प्रवासाच्या वेळी लागू असलेल्या 2016 च्या बॅगेज नियमांत दुबईहून येणाऱ्याला 50,000 रुपयांपर्यंत माफी होती, वरच्या रकमेवर 35 टक्के शुल्क आणि त्यावर अधिभार, मिळून 38.5 टक्के. म्हणजे हे सामान वैयक्तिक असतं आणि तुम्ही रेड चॅनेलला जाऊन सांगितलं असतं, तर 1,20,000 वर 46,200 रुपये भरून सुटला असता. व्यापारी आयात म्हणून पाहिलं तर गणित फार वेगळं होतं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं आणि 2023 मध्ये 70. त्यावर आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी), आणि आयात-निर्यात कोड हवा तो निराळाच.

माझा सल्ला असा. उत्तरात मान्य करा की सामान घोषित केलं नाही आणि विमानतळावर दिलेलं विधान अपुरं होतं. नऊपैकी सहा सेट एकेकच आहेत. त्यांचा विचार वेगळा करावा असं मागा, फक्त त्यातले कोणते ग्रुपवर आधीच ‘बुक’ झाले होते ते लपवू नका. मग कलम 125 खाली दंड भरून माल सोडवण्याची, किंवा निदान तो परदेशी परत पाठवू देण्याची विनंती करा. आदेश विरुद्ध गेला तर आयुक्त (अपील) यांच्याकडे 60 दिवसांत जाता येतं.

इथे खरी अडचण आयएसआय चिन्हाची आहे, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाप्रमाणे आयएसआय चिन्ह नसलेलं खेळणं आयात करता येत नाही आणि विकताही येत नाही. दुबईच्या दुकानातल्या डब्यावर ते चिन्ह असण्याचं कारण नाही. त्यामुळे अधिकारी हा माल ‘निषिद्ध’ धरू शकतो, आणि निषिद्ध माल दंडावर सोडायचा की नाही ही त्याची मर्जी असते, तुमचा हक्क नव्हे. एक युक्तिवाद आहे. त्या आदेशातली ‘खेळणं’ची व्याख्या 14 वर्षांखालच्या मुलांनी खेळावं म्हणून बनवलेल्या वस्तूंची आहे. तुमच्या नऊपैकी सात डब्यांवर कंपनीनेच 18+ छापलंय. हा मुद्दा जरूर घ्या, डब्यांचे फोटो जोडा. पण त्यावर घर बांधू नका. व्याख्येत ‘केवळ त्यांच्यासाठीच असो वा नसो’ अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि विटा जोडून रॉकेट करणारं नऊ वर्षांचं पोर अधिकाऱ्याच्याही घरी असतं.

हीच गोष्ट घरातल्या 46 डब्यांना लागू आहे. भारतीय मानक ब्युरो कायदा 2016 चं कलम 17 चिन्हाविना माल विकण्याला आणि विक्रीसाठी साठवण्यालाही बंदी घालतं. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, आणि दंड मालाच्या किमतीच्या दहापटीपर्यंत जाऊ शकतो. 2023 च्या जानेवारीत मोठ्या मॉलमधल्या दुकानांतून ब्युरोने अशी खेळणी उचलली होती. तुमच्या डब्यांचे दोन ढीग करा : भारतात अधिकृत दुकानातून घेतलेले, चिन्ह असलेले, आणि बाकीचे. दुसऱ्या ढिगातला एकही डबा सध्या विकायला लावू नका. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, पण हा सल्ला मी पैसे घेऊनही हाच दिला असता.

प्राप्तिकराचं. ‘घरातल्या वस्तूवर कर नसतो’ हे ग्रुपवरचं ज्ञान अर्धं खरं आहे. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तू भांडवली मालमत्तेत धरल्या जात नाहीत, हे बरोबर. पण वैयक्तिक वापर म्हणजे काय? महाराजा राणा हेमंतसिंहजी यांच्या खटल्यात 1976 साली सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न होता. चांदीच्या लगडी, सोन्याची-चांदीची नाणी लक्ष्मीपूजनात मांडतो, म्हणून ती वैयक्तिक वस्तू, असं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. वस्तूचा माणसाशी रोजचा, निकटचा संबंध हवा, असा त्या निकालाचा रोख आहे. वर्षातून एकदा पुजलेली चांदी जिथे टिकली नाही, तिथे माळ्यावर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, मुलीला हात लावू न दिलेला डबा कसा टिकेल?

मग भांडवली नफा म्हणावा की धंद्याचं उत्पन्न? 2019 ला घेतलेले दोन सेट पाच वर्षं ठेवून विकले, तिथे दीर्घकालीन नफा म्हणून वाद घालता येईल (23 जुलै 2024 पासूनच्या विक्रीला 12.5 टक्के दर). बाकीचे बारा आठ-दहा महिन्यांत गेले. दोन सेटांवरचे थोडे पैसे वाचवायला एकाच कपाटातल्या मालाला दोन नावं देऊ नका. सगळं धंद्याचं उत्पन्न दाखवा. कुरिअर, बबल रॅप, विक्रीच्या संकेतस्थळाचं कमिशन 2,10,000 मधून वजा करता येईल, ही त्यातली सोय. सुधारित विवरणपत्राची 31 डिसेंबरची मुदत गेली आहे. आता अद्ययावत विवरणपत्र भरा. कर-निर्धारण वर्ष 2025-26 साठी 31 मार्च 2027 पर्यंत भरलंत तर कर आणि व्याज यांच्या 25 टक्के जादा द्यावे लागतील, पुढे हा आकडा वाढत जातो. तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर संपूर्ण नफ्यावर उपकरासह 65,520 रुपये कर, अधिक व्याज, अधिक त्या बेरजेची चौथाई. खात्याने आधी गाठलं तर दंडाचा हिशेब याहून कडू आहे.

जीएसटीत वर्षाला 40 लाखांपर्यंतच्या विक्रीला नोंदणी लागत नाही, या मर्यादेवर तुम्ही निवांत आहात, असं दिसतं. ती मर्यादा राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला. परराज्यात करपात्र माल पाठवला की पहिल्या डब्यापासून नोंदणी लागते. पाच डबे गेलेत. सीए गाठा, आणि नोंदणी होईपर्यंत महाराष्ट्राबाहेरची ऑर्डर घेऊ नका.

आता बंगळुरूचा डबा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या व्याख्येतच पुनर्विक्रीसाठी माल घेणारा वगळलेला आहे. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला जी सूट आहे ती ‘व्यावसायिक हेतू’ या शब्दांना. पुनर्विक्रीला ती नाही, आणि तुमचं पोट नोकरीवर आहे. आयोगात तुम्ही शपथेवर ‘स्वतःच्या वापरासाठी घेतला’ म्हणाल, आणि समोरचा तुमच्याच विक्रीच्या पोस्ट छापून आणेल. खोटी शपथ 38,000 साठी परवडत नाही.

व्यापाऱ्यालाही कायदा वाऱ्यावर सोडत नाही. वस्तू विक्री कायदा 1930 च्या कलम 15 प्रमाणे वर्णनावरून विकलेला माल वर्णनाबरहुकूम असला पाहिजे. ‘सीलबंद, अस्सल’ म्हणून विकला आणि नकली निघाला, तर पैसे परत मागण्याचा हक्क आहे. वकिलामार्फत नोटीस पाठवा, मग दिवाणी दावा. ऑनलाइन पैसे दिलेत, तेव्हा 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रारही नोंदवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणूक होते. डबा उघडतानाचा व्हिडिओ असेल तर ज्या फोनवर काढला तो फोन विकू नका. न्यायालयात अशा डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र द्यावं लागतं. नसेल तर वजनाच्या काट्यावरचे फोटो, विटांचे फोटो, चॅट, सगळं जपा.

आणि तो नकली डबा ‘जसा आहे तसा’ म्हणूनही दुसऱ्याला देऊ नका. ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 104 खाली बनावट चिन्हाचा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं शिक्षा आहे. तुमची फसवणूक झाली होती, हा तिथे बचाव नाही, कारण आता तुम्हाला माहीत आहे.

अस्सल मालाबद्दल मात्र झोप घालवू नका. कायदेशीररीत्या बाजारात आलेला अस्सल माल पुन्हा विकला म्हणून ट्रेडमार्कचा भंग होत नाही. कपिल वाधवा विरुद्ध सॅमसंग या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये परदेशातून आणलेल्या अस्सल मालालाही हे लागू केलं. फक्त कंपनीची हमी नाही हे सांगा, आणि कंपनीचा लोगो दुकानाच्या पाटीसारखा लावू नका.

राहिला ताजमहाल. तुमच्या दिवाणखान्यातला 2017 चा आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याची एक गंमत. 2008 ला कंपनीने 5,922 तुकड्यांचा ताजमहाल काढला, पुढे तो बंद झाला, भाव आकाशाला भिडले. सीलबंद डबे दाबून बसलेले खुशीत होते. मग 2017 ला कंपनीने जवळजवळ तोच सेट 5,923 तुकड्यांचा करून पुन्हा बाजारात आणला, आणि जुन्या डब्यांचा भाव उतरला. या नुकसानीला कोणत्याच कायद्यात भरपाई नाही. तुमच्या शीटमध्ये ‘पुन्हा निघू शकतो’ असा रकाना मला दिसला नाही.

तो सेट तुम्ही आणि मुलीने तीन रविवार बसून जोडला, सहा वर्षं टीव्हीशेजारी आहे, एक मिनार हलतो. ही वैयक्तिक वस्तू. विकलात तर त्यावर कर नाही, आणि तो बाकीच्या 46 च्या हिशेबात धरू नका. डबा रद्दीत गेला म्हणून किंमत निम्मी येईल, अशी बायकोची तक्रार आहे. त्यांना सांगा, खात्याने कधी विचारलंच, तर तो रद्दीत गेलेला डबा हाच तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे.