कुत्रा ठणठणीत आहे, पण शीच्या तपासणीत ‘ईएसबीएल ई. कोलाय’ निघाले. अँटिबायोटिक द्यावं का? त्याला मुलांपासून लांब ठेवावं का?

अँटिबायोटिक नको. कुत्रा नीट खातोय, खेळतोय, शी घट्ट होतेय, तर नुसत्या या रिपोर्टवरून गोळ्या सुरू करू नका. मी प्राण्यांचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. हा रिपोर्ट हातात पडल्यावर घाबरलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ई. कोलाय कुत्र्याच्या आतड्यात असतातच, आपल्याही असतात. त्यातल्या काहींकडे ईएसबीएल नावाची एन्झाइम्स असतात. ती पेनिसिलिन आणि सेफोटॅक्झिमसारखी औषधं तोडून निकामी करतात. असे जंतू शोधायला आम्ही शीचा नमुना सेफोटॅक्झिम घातलेल्या प्लेटवर (जंतू वाढवायच्या खाद्याच्या बशीवर) रेघा ओढून पसरवतो आणि रात्रभर ३७ अंशांवर ठेवतो. साधे ई. कोलाय तिथे उगवत नाहीत. तुमच्या कुत्र्यासारख्या नमुन्यात मात्र सकाळी गुलाबी ठिपके दिसतात. आतड्यातल्या गर्दीत हे जंतू हजारात एक असले, तरी त्या प्लेटवर फक्त तेच उगवतात. म्हणजे औषधाला दाद न देणारे जंतू पोटात आहेत, एवढंच कळतं. ते आजार करताहेत असं नाही.

आता गोळी दिली तर काय होईल? कुत्र्याच्या आतड्याचीच तशी प्लेट होईल. साधे जंतू मरतील, जागा मोकळी होईल आणि नेमके हेच फोफावतील. दुसऱ्या गटातलं औषध देऊनही बरेचदा तेच होतं, कारण ही जनुकं बहुतेक वेळा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या वेटोळ्यावर असतात आणि त्याच वेटोळ्यावर इतर औषधांना पुरून उरणारी जनुकंही असू शकतात. एक जिवाणू ते वेटोळं शेजारच्या जिवाणूला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्याही. आमांशाचे शिगेला आणि ई. कोलाय यांच्यात प्रतिरोधाची अशी देवाणघेवाण होते, हे जपानी संशोधकांनी १९५९ सालीच दाखवलं होतं.

औषधाचा मारा नसेल तर हे जंतू बरेचदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप मागे पडतात. पुन्हा येऊही शकतात, म्हणून दर महिन्याला तपासणीच्या मागे लागू नका. कच्चं मांस देत असाल तर ते मात्र आजच बंद करा, शिजवून द्या. फ्रीझरमध्ये ठेवल्याने हे जंतू मरतात असं समजू नका. साधे जुलाब झाले म्हणून घरात उरलेली गोळी द्यायची सवय असेल, तर तीही सोडा.

रिपोर्ट जपून ठेवा. पुढे कुत्र्याला लघवीचा संसर्ग झाला किंवा जखम चिघळली, तर पशुवैद्यांना तो दाखवा आणि आधी कल्चर, म्हणजे जंतू वाढवून कुठलं औषध लागू पडतं ती तपासणी, करायला सांगा. घरातल्या कुणाला लघवीचा त्रास झाला तर तुमच्या डॉक्टरांनाही सांगा.

मुलांपासून त्याला तोडू नका. हे जंतू माणसाकडून कुत्र्याकडेही जातात, त्यामुळे दोष एकट्या त्याचा नाही. शी उचलल्यावर आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा, तोंड किंवा जखम चाटू देऊ नका. घरात तान्हं बाळ किंवा केमोथेरपी चालू असलेलं कुणी असेल तर हे जास्त काटेकोरपणे पाळा. बाकी मुलांना त्याच्याशी खुशाल खेळू द्या.