काळ्या अक्षरांना रंगीत कड का येते?

प्रश्न : मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या प्रचारासाठी इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये ए५ पत्रक केलं. ऑफसेटवर, म्हणजे छापखान्यातल्या प्लेटच्या यंत्रावर, छापल्यावर बारीक मजकुराला लालसर-निळसर कड आली आणि कागदाच्या काठाला पांढरी रेघ राहिली. काय चुकलं?

उत्तर : इंकस्केपमधून पीडीएफ काढली की रंग आरजीबीत, म्हणजे पडद्यासाठीच्या लाल-हिरवा-निळा पद्धतीत, येतात. छपाईसाठी ते बदलताना काळा चारही शायांत (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) विभागला जातो. प्रत्येक शाईची प्लेट वेगळी, त्यातली एक केसभर सरकली की कड दिसणारच. चित्र इंकस्केपमध्येच करा, पण मजकूर स्क्रायबस या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये लावा आणि त्याला फक्त काळी शाई द्या : काळा १०० टक्के, बाकी तिन्ही शून्य. स्क्रायबसची १.४ आवृत्ती मात्र नको, तिच्यात जोडाक्षरं तुटतात आणि 'प्रकल्प'मधला 'ल्प' सुटा पडतो.

पांढरी रेघ ब्लीड, म्हणजे कापाच्या रेषेबाहेर जाणारा जादा रंग, न सोडल्याची. ए५ म्हणजे १४८ × २१० मिमी. पार्श्वभूमी चहूबाजूंनी ३ मिमी बाहेर न्या, १५४ × २१६ होईल. मजकूर कापाच्या रेषेपासून ५ मिमी आत ठेवा.

पुढे पोस्टर करणार असाल, तर खरी डोकेदुखी स्क्रीनशॉटची. १९२० पिक्सेल रुंदी ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम १६ सेंमी भरते. पडद्यावरचा इंटरफेस (मेनू, बटणं) २०० टक्क्यांवर, म्हणजे दुप्पट, नेऊन हवा तेवढाच भाग टिपा.