कावीळ आणि काळी संडास, दोन्हीमागे एकच कारण असू शकतं का?

हो, असू शकतं. महिन्यापूर्वी तुमच्या आईचं पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन, आता कावीळ, डांबरासारखी काळी संडास आणि एंडोस्कोपी (तोंडातून दुर्बीण घालून केलेली तपासणी) नॉर्मल, हे तुमचं वाचलं आणि बाबांचे ते दिवसच डोळ्यासमोर आले. मी डॉक्टर नाही, पण हे जवळून बघितलंय.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. बाबांचं पण हेच ऑपरेशन, तिसऱ्या आठवड्यात डोळे पिवळे, बिलिरुबिन (रक्तातला कावीळ दाखवणारा आकडा) ८. सगळे म्हणाले नळीत खडा राहिला असेल, शेजारच्या काकू तर कावीळ उतरवायला घेऊन चला म्हणून मागेच लागल्या. पण खड्याने नळी बंद झाली तर संडास उलट पांढुरकी होते ना, आणि संडास काळी करणाऱ्या लोहाच्या गोळ्याही चालू नव्हत्या, तरी बाबांची काळी, आणि हिमोग्लोबिन ११ वरून ७ वर. आईने कालनिर्णयवर तारखा लिहिल्या होत्या: आधी उजव्या बरगडीखाली कळ, दुसऱ्या दिवशी काळी संडास, मग कळ गायब, चार दिवसांनी परत तेच. ते पान बघूनच दुसऱ्या डॉक्टरांनी लगेच सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन) करायला सांगितला.

लिव्हरच्या उजव्या धमनीला ऑपरेशनमध्ये इजा होऊन तिथे फुगा झाला होता आणि तो पित्ताच्या नळीत रक्त सोडत होता. रक्त आतड्यात उतरलं की संडास काळी, नळीतच गोठलं की पित्त अडून कळ आणि कावीळ. सोनोग्राफीत ‘गाळ’ लिहिलेला तो गोठलेल्या रक्ताचाच होता! याला हिमोबिलिया म्हणतात, क्विंके या जर्मन डॉक्टरांनी १८७१ मध्येच ही तीन लक्षणं एकत्र सांगितलीत, पण प्रत्येक पेशंटमध्ये तिन्ही दिसत नाहीत म्हणून निसटतं.

एंडोस्कोपी आमचीही नॉर्मलच होती. साधी दुर्बीण समोर बघते, पित्तनळी आतड्याच्या बाजूच्या भिंतीत उघडते, आणि रक्त थांबून थांबून येतं, त्यामुळे त्या वेळी काही दिसेलच असं नाही.

मांडीतून तार घालून त्या फुग्याच्या धमनीत कॉइल (रक्त अडवणाऱ्या बारीक तारेच्या गुंडाळ्या) बसवल्या, पोट उघडावं लागलं नाही. नंतर ईआरसीपीने, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून पित्तनळीपर्यंत जाऊन, गुठळ्या काढल्या आणि नळी उघडी राहावी म्हणून स्टेंट (बारीक नळी) टाकला.

तुम्ही आजच सर्जनना स्पष्ट विचारा, ‘हे पित्तनळीतलं ब्लीडिंग असू शकतं का, सीटी अँजिओ करायचा का?’ ऑपरेशनची फाईल आणि आधीचे हिमोग्लोबिनचे रिपोर्ट सोबत न्या. चक्कर, घाम किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका, जिथे अँजिओग्राफीची सोय आहे अशाच हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.