वाचक विचारतात: अथणी अडते, मग निपाणी कशी चालते?

प्रश्न: पीयूसीला (अकरावी-बारावी) आहे. पायथॉनच्या सरावात यादीतल्या प्रत्येक शब्दाचा मोर्स कोड (टिंबं आणि रेघांची तारेची लिपी) करून वेगवेगळे कोड किती झाले ते छापायचं आहे. ए ते झेडच्या २६ कोडची यादी केली. अक्षराच्या ऑर्डमधून (संगणकातला अक्षराचा क्रमांक; लहान ‘ए’चा ९७) ९७ वजा करून कोड उचलतो. रोमन लिपीत गावांची नावं दिली (पहिलं अक्षर कॅपिटल), तर निपाणी, खानापूर, गोकाक चालतात. अथणी, चिक्कोडीला इंडेक्सची एरर येते. शिवाय आता, वा, आई, जा यांचं उत्तर ३ हवं, माझं ४ येतं. कोड जोडताना मध्ये स्पेस टाकतो.
— एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर: निपाणी चालत नाही, चालल्यासारखी दिसते. कॅपिटल एनचा ऑर्ड ७८. ९७ वजा केले की उणे १९. पायथॉन उणे आकडा यादीच्या शेवटाकडून मोजतो, त्यामुळे एनऐवजी एचचा कोड (....) निमूट उचलला जातो. कॅपिटल ‘ए’चं मात्र उणे ३२ होतं. यादीच २६ची, म्हणून एरर. ए ते एफ अडतात, जीपासून पुढची अक्षरं बिनबोभाट चुकतात. तेव्हा अथणीचे आभारच माना! शब्द आधी लोअरने लहान लिपीत आणा, मग कोड करा.

आता चारचं. जोडून लिहा: ‘आता’ म्हणजे ए (.-), टी (-), ए (.-), मिळून .--.- आणि ‘वा’ म्हणजे डब्ल्यू (.--), ए (.-), मिळून तेच .--.- झालं. खऱ्या तारेत दोन अक्षरांमध्ये तीन टिंबांएवढी उसंत असते, म्हणून घोळ होत नाही. या गणितात ती उसंत मुद्दाम काढली आहे. तुम्ही स्पेस टाकून ती परत आणलीत; मग दोन वेगळ्या शब्दांचा कोड एक होणं शक्यच नाही आणि तुम्ही नुसते शब्द मोजत बसता. जॉइन (तुकडे जोडणं) रिकाम्या स्ट्रिंगवर करा, कोड सेटमध्ये (एकसारखे एकदाच ठेवणारा संग्रह) टाका, सेटचा लेन (लांबी, म्हणजे आत किती आहेत) छापा.

कोडचा तक्ता वर्डमध्ये टाइप करून चिकटवला असेल तर तोही तपासा. वर्ड तीन टिंबांचं एकच चिन्ह करून टाकतं, मग एसच्या कोडचा लेन ३ऐवजी १ येतो. सगळ्या २६ कोडच्या लेनची बेरीज ८२ भरली पाहिजे.