दशक्रियेच्या मेसेजवर 😂 पडला, तर काकांना दोष देऊ नका

तुमचा प्रश्न असा: रामकुंडावर दशक्रिया किती वाजता आहे हे कळवणाऱ्या मेसेजवर काकांनी 😂 टाकला, अर्धे नातेवाईक भडकले, मग भावना दाखवायला नेमकी कुठली चिन्हं वापरायची?

आधी काकांबद्दल. व्हॉट्सअॅपवर मेसेज दाबून धरला की मुळात सहा चिन्हं समोर येतात: 👍 ❤️ 😂 😮 😢 🙏. त्यातलं तिसरं आणि पाचवं बघा. दोन्ही चेहरे पिवळे, दोन्हींत निळं पाणी. 😢 मध्ये एकाच डोळ्याखाली एक बारीक थेंब, 😂 मध्ये दोन्ही डोळ्यांना टपोरे थेंब. चष्मा हाताशी नसला की फक्त पाणी दिसतं. ज्याला जास्त वाईट वाटलंय तो जास्त पाणी असलेला चेहरा निवडणार, आणि तो नेमका हसणारा निघतो. याला बेफिकिरी म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

काकांना एवढंच सांगा: पाणी बघू नका, तोंड बघा. कोपरे वर वळलेले असले की हसू, खाली वळलेले असले की रडू. 😪 तर शोकासाठी नाहीच. तो नाकाचा फुगा आहे, जपानी चित्रकथांमधली झोपेची खूण. 😅 मधला कपाळावरचा थेंब घामाचा. 😭 रडण्याचाच, पण पोरं तो हसून हसून लोळण्यासाठी वापरतात, म्हणून अशा ठिकाणी टाळा. दुःखाच्या निरोपाला दोन शब्द टाइप करावेत आणि पुढे एकच 🙏. नुसतं चिन्ह कोरडं वाटतं.

चूक झालीच तर: रिअॅक्शन असेल तर तिच्यावर टॅप करून काढता येते, चॅटमध्ये खूण उरत नाही. टाइप केलेला मेसेज १५ मिनिटांत एडिट होतो. त्यानंतर दोन दिवसांपर्यंत सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण डिलीट केल्याची ओळ मागे राहते आणि लोक तर्क लढवतात. त्यापेक्षा ‘चुकून भलतंच चिन्ह पडलं, क्षमस्व’ एवढं लिहिलेलं बरं.

आता ‘चिन्हांनी भाषा बिघडते’ म्हणणाऱ्यांसाठी. १९ सप्टेंबर १९८२ ला कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या स्कॉट फालमन यांनी :-) सुचवलं, ते गमतीने लिहिलेलं कुणी खरं धरून बसू नये म्हणून. म्हणजे चिन्ह सूर सांगायला आलं. मराठीत ते काम आपण कधीपासून एकाक्षरी शब्दांवर भागवतोय. ‘उद्या ये.’ हा हुकूम. ‘उद्या ये की’ हा आग्रह. ‘उद्या ये हं’ ही माया. ‘उद्या ये 🙂’ मात्र तरुण पोरांना टोमणा वाटतो, कारण ते हसू ओठांवरच थांबतं. वडीलधाऱ्यांना लिहिताना मी तरी डोळे झाकून ‘हं’ निवडेन.

आणि 👍 उद्धट आहे हे खूळ पोरांनी सोडावं. आईने पाठवलेला 👍 म्हणजे ‘वाचलं, कळलं’ ही पोच. त्यात रुसवा शोधायचा नसतो. हां, कुणी चार ओळींत मन मोकळं केलं असेल तर तिथे नुसता अंगठा नको, हे मला मान्य.

एक राहिलं. चेहरे प्रत्येक कंपनी स्वतः काढते, त्यामुळे तुमच्या फोनवरचा चेहरा समोरच्याला थोडा वेगळा दिसतो. जुन्या फोनवर नव्या चिन्हाच्या जागी नुसता चौकोन येतो. आणि विधीचा निरोप साध्या एसएमएसने, रोमन लिपीतल्या मराठीत पाठवणार असाल तर एकही इमोजी घालू नका: १६० अक्षरांची मर्यादा थेट ७० वर येते, निरोपाचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा वेगळा एसएमएस म्हणून मोजला जातो. देवनागरीत लिहिलंत तर मर्यादा मुळातच ७० आहे, तेव्हा आधी तारीख, वेळ, ठिकाण बसवा.