कातळशिल्पाच्या त्रिमिती प्रतिकृतीसाठी कोलमॅप कंपाइल करताना ग्राफिक्स ड्रायव्हर आणि लायब्ररी जुळत नाहीत. उबुंटू पुन्हा घालावे का?

उबुंटू पुन्हा घालू नका. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही चुका सध्याच्याच यंत्रणेत दुरुस्त होण्यासारख्या आहेत. उलट सगळे पुसून नव्याने घातले आणि त्याच आज्ञा त्याच क्रमाने दिल्या, तर याच चुका याच क्रमाने परत येतील.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. राजापूर तालुक्यातील तुमच्या गावाजवळच्या सड्यावर (कातळाच्या पठारावर) असलेल्या एका कातळशिल्पाची तुम्ही सुमारे ३०० छायाचित्रे काढली असून त्यांवरून त्रिमिती प्रतिकृती करायची आहे. लॅपटॉपमध्ये इंटेलचे अंतर्गत ग्राफिक्स आणि सोबत एनव्हिडियाचे जीटीएक्स १६५० हे कार्ड आहे, आणि त्यावर उबुंटू २२.०४ आहे. उबुंटूच्या भांडारातील तयार कोलमॅप (छायाचित्रांवरून त्रिमिती प्रतिकृती करणारा प्रोग्रॅम) चालते, पण दाट बिंदू काढण्याच्या पायरीवर ‘कुडा उपलब्ध नाही’ असे सांगून थांबते (कुडा म्हणजे एनव्हिडियाच्या कार्डाकडून गणित करून घेण्याची यंत्रणा). म्हणून तुम्ही स्रोतावरून कंपाइल करायला घेतले. तेव्हा आधी ‘पॅरामीटर पॅक्स नॉट एक्स्पांडेड’ ही चूक आली. कुडाची नवी आवृत्ती घातल्यावर एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी आज्ञा ‘ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ म्हणू लागली. शेवटी एका व्हिडिओतील आज्ञा जशाच्या तशा वापरून बांधणी पूर्ण झाली, पण प्रोग्रॅम चालवताच ‘नो कर्नल इमेज इज अव्हेलेबल’ असा संदेश आला, आणि तो वाचून तुम्ही लिनक्सचा कर्नल (यंत्रणेचा गाभा) बदलून पाहिलात. (आज्ञा आणि संदेश मी देवनागरीत लिहीत आहे, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन लिपीत टंकाव्यात.)

मी रत्नागिरीत राहतो आणि उक्षी, कशेळी या भागातील कातळशिल्पांच्या छायाचित्रांवर हेच काम करतो, त्यामुळे या तिन्ही चुका माझ्याही वाट्याला येऊन गेल्या आहेत. भांडारातील तयार कोलमॅपमध्ये दोष नाही. ते कुडाशिवाय बांधलेले असते आणि दाट पुनर्रचनेला कुडा लागतेच. तेव्हा स्वतः कंपाइल करण्याचा तुमचा निर्णय योग्यच होता.

‘ड्रायव्हर’ हा शब्द आपण एकवचनी वापरतो, पण प्रत्यक्षात तिथे चार वेगवेगळ्या वस्तू असतात. पहिली, लिनक्सच्या कर्नलमध्ये चढवलेले मॉड्यूल, जे कार्डाशी थेट बोलते. दुसरी, त्याच ड्रायव्हरच्या लायब्ररी, ज्यांच्यामार्फत प्रोग्रॅम त्या मॉड्यूलपर्यंत पोहोचतात. तिसरी, कुडाचा विकाससंच, म्हणजे एनव्हीसीसी हा कंपायलर आणि त्याची हेडर. चौथी, जीसीसी हा उबुंटूचा नेहमीचा कंपायलर, कारण एनव्हीसीसी आपल्या स्रोतातील प्रोसेसरवर चालणारा भाग शेवटी जीसीसीकडेच सोपवतो. पहिल्या आणि दुसऱ्या वस्तूच्या आवृत्त्या तंतोतंत एकच असाव्या लागतात. दुसरी आणि तिसरी यांत ड्रायव्हर पुरेसा नवा असला की भागते. तिसरी आणि चौथी यांत मात्र जीसीसी विशिष्ट मर्यादेपेक्षा नवा असून चालत नाही. तुमच्या पहिल्या दोन चुका यांतील दोन वेगवेगळ्या जोड्यांच्या आहेत आणि तिसरी विकाससंच व कार्ड यांच्यातली आहे. एका जोडीचा उपाय दुसरीवर केल्यामुळे गुंता वाढत गेला.

आधी आवृत्तीच्या विसंगतीचे पाहू, कारण ती सुटल्याशिवाय पुढचे काही तपासता येत नाही. चढवलेल्या मॉड्यूलची आवृत्ती ‘/प्रॉक/ड्रायव्हर/एनव्हिडिया/व्हर्जन’ ही फाइल वाचली की कळते, आणि डिस्कवर असलेल्या मॉड्यूलची आवृत्ती ‘मॉडइन्फो एनव्हिडिया’ सांगते. हे दोन आकडे वेगळे असतील तर अर्थ इतकाच की डिस्कवर नवा ड्रायव्हर आला आहे, पण स्मृतीत अजून जुनाच बसलेला आहे. उबुंटू सुरक्षेची अद्यतने आपोआप बसवते, त्यामुळे तुम्ही काहीही न करता ही स्थिती येऊ शकते. तिचा उपाय म्हणजे यंत्र एकदा बंद करून सुरू करणे. हे इतके साधे आहे की पुष्कळ जण ते सोडून बाकी सर्व करून पाहतात.

सुरू केल्यानंतरही संदेश तसाच राहिला, तर बहुधा ड्रायव्हरच्या दोन प्रती बसलेल्या आहेत. तुमच्या बाबतीत मला हाच संशय आहे. एनव्हिडियाच्या भांडारातून नुसते ‘कुडा’ या नावाचे पॅकेज मागितले, तर ते विकाससंचासोबत स्वतःचा ड्रायव्हरही घेऊन येते. केवळ विकाससंच हवा असेल तर ‘कुडा-टूलकिट’ हे पॅकेज मागावे लागते. उबुंटूचा ड्रायव्हर आधीच बसलेला असताना त्यावर हा दुसरा आला, किंवा कधी काळी डाउनलोड केलेल्या ‘रन’ फाइलमधून तिसराच घातलेला असला, तर मॉड्यूल एकाचे आणि लायब्ररी दुसऱ्याची अशी अवस्था होते. ‘रन’ फाइलने घातलेला ड्रायव्हर त्याच फाइलला ‘--अनइन्स्टॉल’ हा पर्याय देऊन काढावा, कारण त्याची नोंद एपीटीकडे (उबुंटूच्या पॅकेज-व्यवस्थेकडे) नसते आणि एपीटीने तो निघत नाही. नंतर ‘डीपीकेजी -एल’ च्या यादीत एनव्हिडिया शब्द असलेली ड्रायव्हरची पॅकेजेस पाहून ती सर्व काढावीत, ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ जो ड्रायव्हर शिफारस म्हणून दाखवील तो एकच घालावा, आणि यंत्र पुन्हा सुरू करावे.

यात आपल्याकडच्या पावसाळ्याचाही एक भाग आहे. दोन वर्षांपूर्वी जुलैत माझ्या डेस्कटॉपवर ड्रायव्हरचे अद्यतन चालू असताना वीज गेली. पाऊण तासाने ती आली तेव्हा पडदा मोठ्या, ओबडधोबड अक्षरांत उघडला आणि कार्ड सापडेनासे झाले. मी दोन दिवस ड्रायव्हर काढत-घालत बसलो. अखेर ‘डीकेएमएस स्टेटस’ पाहिल्यावर (डीकेएमएस म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारे साधन) कळले की नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधण्याचे काम अर्धवट राहिले होते. ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ या एका आज्ञेने ते पुरे झाले. तुम्ही मध्ये कर्नल बदलल्याचे लिहिले आहे, म्हणून ही तपासणी तुम्हीही करा. प्रत्येक कर्नलसाठी मॉड्यूल वेगळे लागते, आणि त्या कर्नलची हेडर बसलेली नसतील तर डीकेएमएसला ते बांधता येत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेले मॉड्यूल चढू न देणारी सोय) चालू असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते: यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर चावी नोंदवण्याची सूचना थोडा वेळच दिसते, ती हुकली की मॉड्यूल बांधलेले असूनही चढत नाही.

आता ‘पॅरामीटर पॅक्स’ विषयी. उबुंटू २२.०४ च्या भांडारातील कुडा ११.५ आहे आणि त्याच उबुंटूचा मूळ जीसीसी ११ आहे. या दोघांचे जमत नाही. जीसीसी ११ च्या प्रमाण लायब्ररीतील ‘एसटीडी-फंक्शन’ या हेडरची रचना एनव्हीसीसी ११.५ ला नीट वाचता येत नाही, आणि चूक अशा फाइलवर दाखवली जाते की जी तुम्ही लिहिलेली नाही आणि कोलमॅपचीही नाही. चूक दाखवलेल्या फाइलचा पत्ता ‘/यूएसआर/इन्क्लूड’ पासून सुरू होत असेल, तर स्रोतात हात घालण्याचे कारण नाही, हे येथे लक्षात ठेवावे. उपाय म्हणजे जीसीसी-१० आणि जी++-१० ही पॅकेजे घालून सीसी, सीएक्सएक्स आणि कुडाहोस्टसीएक्सएक्स या तीन पर्यावरणचलांत त्यांचे मार्ग द्यावेत. तिसरे चल बहुतेकांकडून राहते; ते राहिले की बाकीचा स्रोत जीसीसी १० ने, पण कुडाच्या फाइली मात्र जुन्याच जीसीसी ११ ने कंपाइल होऊ लागतात आणि बदल करूनही चूक हलत नाही असा भास होतो.

दुसरा मार्ग नव्या कुडाचा आहे, जो तुम्ही निवडलात. तो चूक नाही, पण कुडा १२ च्या मालिकेला किमान ५२५.६०.१३ हा ड्रायव्हर लागतो, तर ११ च्या मालिकेचे ४५०.८०.०२ वर भागते. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एनव्हिडिया-एसएमआयच्या वरच्या कोपऱ्यात दिसणारा कुडाचा आकडा हा बसलेल्या विकाससंचाचा नसतो. हा ड्रायव्हर कुडाच्या कोणत्या आवृत्तीपर्यंत साथ देऊ शकतो, एवढेच तो सांगतो. बसलेला विकाससंच कोणता, हे ‘एनव्हीसीसी --व्हर्जन’ सांगते. दोन विकाससंच असतील तर ‘व्हिच एनव्हीसीसी’ करून कोणता हाती लागतो तेही पाहावे, कारण भांडारातला ‘/यूएसआर/बिन’ मध्ये बसतो आणि नवा ‘/यूएसआर/लोकल’ खाली. माझा कल ११.५ आणि जीसीसी १० या जोडीकडे आहे. तिच्यासाठी नवे काही गिगाबाइट उतरवावे लागत नाहीत, आणि सड्यालगतच्या गावांतील इंटरनेटचा वेग पाहता ही लहान गोष्ट नव्हे.

‘नो कर्नल इमेज’ मधील कर्नल हा लिनक्सचा कर्नल नव्हे. कुडाच्या भाषेत कार्डावर चालणाऱ्या फलनालाच कर्नल म्हणतात, आणि संदेशाचा अर्थ असा की तुमच्या कार्डाला समजेल अशा रूपात ते फलन या बांधणीत नाही. कुडाच्या मोजमापात जीटीएक्स १६५० ची क्षमता ७.५ आहे, आणि आज्ञेत ती ७५ अशी लिहितात. व्हिडिओतील गृहस्थांचे कार्ड आरटीएक्स ३०६० किंवा त्या पिढीतील असावे, कारण तुम्ही दिलेल्या आज्ञेत आर्किटेक्चरसाठी ८६ हा आकडा आहे. ८६ साठी बांधलेले ७५ वर चालत नाही. ७५ साठीच्या मधल्या रूपावरून नव्या कार्डाला स्वतःपुरते भाषांतर करून घेता येते, पण उलट्या दिशेने ते होत नाही. तेव्हा सीमेकला (बांधणीची आखणी करणाऱ्या साधनाला) ‘सीमेक-कुडा-आर्किटेक्चर्स’ या चलात ७५ द्यावे. काही ठिकाणी तेथे ‘नेटिव्ह’ लिहिण्याचा सल्ला मिळतो. तो शब्द सीमेकला ३.२४ पासून समजतो आणि उबुंटू २२.०४ मध्ये सीमेक ३.२२ आहे, म्हणून आकडाच द्या.

हे बदल केल्यावर ‘बिल्ड’ फोल्डर पूर्ण पुसून सीमेक नव्याने चालवा. सीमेक पहिल्या वेळी सापडलेले मार्ग आपल्या साठ्यात लिहून ठेवतो आणि कंपायलर बदलला तरी जुनेच मार्ग वापरत राहतो. पुसण्याचा कंटाळा केल्यामुळे योग्य उपाय अयोग्य ठरवून सोडून दिला गेल्याचे मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे, आणि त्यांत एकदा मी स्वतःही होतो.

तुमच्या टर्मिनलच्या चित्रात ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘बेस’ असे दिसते, म्हणजे ॲनाकोंडाचे (पायथनच्या पॅकेजसंचाचे) वातावरण चालू आहे. ते चालू असताना सीमेकला टिफ, क्यूटी यांसारख्या लायब्ररी ॲनाकोंडाच्या फोल्डरात आधी सापडू शकतात. मग हेडर एका ठिकाणचे आणि लायब्ररी दुसऱ्या ठिकाणची अशी मोट बांधली जाते आणि बांधणी अगदी शेवटी, जोडणीच्या वेळी, ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणून पडते. ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’ करून नव्या टर्मिनलमध्ये काम करा. बांधून झालेला प्रोग्रॅम नेमक्या कोणत्या लायब्ररी उचलतो ते एलडीडी या आज्ञेने दिसते. त्या यादीत ॲनाकोंडाचा मार्ग एकदाही दिसता कामा नये.

ओपनजीएलची (पडद्यावर चित्र रंगवण्याच्या प्रणालीची) तुम्हाला अजून अडचण आलेली नाही, तरी दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर ती पुढे येऊ शकते, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘जीएलएक्सइन्फो -बी’ मध्ये रेंडररच्या जागी इंटेल दिसले तरी हरकत नाही, कारण खिडकी इंटेलने रंगवली आणि गणित कुडाने दुसऱ्या कार्डावर केले तरी काम होते. तेथे ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले, तर मात्र कोणताच ड्रायव्हर चढलेला नाही आणि सर्व रेखन प्रोसेसर करत आहे असे समजावे. तेव्हा वरच्या पहिल्या तपासणीकडे परत जावे.

इतके करूनही बांधणी पडली, तर चार गोष्टी येथे लिहा: मॉड्यूलची आवृत्ती, एनव्हीसीसीची आवृत्ती, सीमेकने निवडलेल्या कंपायलरचा मार्ग आणि आलेल्या चुकेच्या संदेशाचा मजकूर. हा मजकूर देताना शेवटच्या ओळी देऊ नका. अनेक धाग्यांवर बांधणी चालते तेव्हा खरी चूक पुष्कळ वर राहते आणि खाली इतर फाइलींचे संदेश येऊन पडतात. ‘मेक’ किंवा ‘निंजा’ एकाच धाग्यावर, म्हणजे ‘-जे १’ देऊन, पुन्हा चालवा आणि ‘एरर’ हा शब्द जेथे पहिल्यांदा येतो तेथपासूनच्या वीस ओळी द्या.